फरशीखाली दडलंय काय?

सिव्हिलला अ‍ॅडमिशन घेतली की एक गोष्ट गॅरंटीड होते. कुणाच्याही घरचं काम निघालं की तुम्हाला बोलावणं येतं. कम्प्युटरवाल्यांना जसे सगळे नातेवाईक प्रिंटर दुरुस्त करायला बोलावतात ना, अगदी तसंच. "तू सिव्हिलला आहेस ना गं? मग जरा बघून सांग, फरशी कुठली घालू?" आता आमच्या सिलॅबसमध्ये कॉलम आहे, बीम आहे, बेंडिंग मोमेंट तर पोतंभर आहे, पण फरशी बसवायची कशी याला अख्ख्या चार वर्षांत जेमतेम अर्धं लेक्चर! त्यामुळे गेल्या सुट्टीत आमच्या घरी, मावशीकडे आणि शेजारच्या कुलकर्णी काकूंकडे अशी तीन घरांची कामं चालू होती, तेव्हा मी सरळ मिस्त्रींच्या शेजारी पाट टाकून बसले. गुण्या, ओळंबा, थापी, दर्जा भरणे हे शब्द मी तिथेच शिकले. (आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरना "गुण्या" म्हटलं असतं तर त्यांना एखाद्या मुलाचं नाव वाटलं असतं!)

तिन्ही घरांत माणसं वेगळी, मिस्त्री वेगळे, पण वाक्यं मात्र तीच. "टाइल रात्रभर पाण्यात ठेवा." "गॅप नको हां, घाण बसते." "टाइल बदलली की गळती बंद." एवढ्या कॉन्फिडन्सने सांगतात की आपल्यालाच शंका यायला लागते की आपण शिकतोय ते खरं की हे खरं. म्हणून हा लेख. घरी काम निघालं तर आई-बाबांना वाचायला द्या, खर्च त्यांचाच होणार आहे!

आधी पाण्यात भिजवण्याचं बघू, कारण बाकीच्या अर्ध्या गोष्टी याच्यातच दडल्या आहेत. आपल्या आजी-आजोबांच्या घरात शहाबादी असायची, कोटा असायचा, नाहीतर मोझेक. मोझेक टाइल म्हणजे मुळात सिमेंटचीच, वर संगमरवराचे तुकडे. तिची खालची बाजू खरखरीत आणि पाणी पिणारी. अशा टाइलला सिमेंट कसं चिकटतं? सिमेंटला पाणी लागलं की त्याचे बारीक बारीक स्फटिक तयार होतात, ते टाइलच्या छिद्रांत शिरतात आणि तिथेच कडक होतात. झाडाची मुळं भिंतीच्या भेगेत शिरावीत तसं. म्हणजे सिमेंट फेव्हिकॉलसारखं "चिकटत" नाही, ते पकडून ठेवतं. पण टाइल कोरडी असेल तर ती सिमेंटमधलंच पाणी शोषून घेते, स्फटिक धड तयार होत नाहीत आणि पकड कच्ची राहते. म्हणून आधी टाइलला पाणी पाजायचं. त्या काळात मिस्त्री जे सांगायचे ते शंभर टक्के बरोबर होतं.

मग आली व्हिट्रिफाइड टाइल. माती, फेल्डस्पार, क्वार्ट्झ यांची पावडर प्रचंड दाबाने दाबायची आणि साधारण १२०० डिग्री सेल्सिअसच्या आसपास भाजायची. एवढ्या तापमानाला आतला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि छिद्रं बुजवून टाकतो. आय.एस.ओ. १३००६ या स्टँडर्डनुसार सगळ्यात कमी पाणी पिणाऱ्या टाइलच्या ग्रुपची मर्यादा आहे वजनाच्या ०.५ टक्के. म्हणजे एक किलो टाइल जास्तीत जास्त ५ ग्रॅम पाणी पिणार, एक चमचाभर! उलट स्वयंपाकघराच्या भिंतीला लावतो त्या साध्या सिरॅमिक टाइलचं शोषण १० टक्क्यांच्या वर असतं, म्हणजे किलोमागे १०० ग्रॅमपेक्षा जास्त. आता तुम्हीच सांगा, चमचाभर पाणी पिणारी टाइल रात्रभर हौदात ठेवून काय मिळणार? फक्त ओली टाइल.

आणि खरा प्रॉब्लेम पुढे आहे. जिथे पाणी शिरत नाही, तिथे सिमेंटची मुळं तरी कशी शिरणार? व्हिट्रिफाइड टाइल साध्या सिमेंटवर बसवली तर ती "चिकटलेली" नसते, नुसती ठेवलेली असते. जमिनीवर वजनाने पडून राहते म्हणून लक्षात येत नाही. भिंतीवर मात्र हा प्रकार धोक्याचा. एवढी मोठी टाइल उंचावरून सुटली तर पायावर पडेल की डोक्यावर, एवढाच प्रश्न उरतो.

याच्यासाठी टाइल अ‍ॅडहेसिव्ह असतो. दिसतो सिमेंटच्या पोत्यासारखाच, त्यात सिमेंट असतंही, पण सोबत पॉलिमर असतो आणि तो गुळगुळीत पाठीलाही धरून ठेवतो. काही लोकांना वाटतं ही कंपन्यांची पैसे काढायची आयडिया आहे. माझ्या मते हा खर्च टाइलच्या डिझाइनवर वाचवावा, अ‍ॅडहेसिव्हवर नाही. आपल्याकडे त्याचं आय.एस. १५४७७ हे स्टँडर्ड आहे, त्यात टाइप १ ते टाइप ५ असे प्रकार आहेत. पोत्यावर टाइप छापलेला असतो, तो वाचायचा. व्हिट्रिफाइडसाठी साधारणपणे टाइप २ किंवा त्याच्या वरचा घेतात. दुकानदाराने "सगळं एकच असतं हो" म्हटलं तर सरळ दुसऱ्या दुकानात जा.

अ‍ॅडहेसिव्ह आणूनसुद्धा काम बिघडू शकतं बरं का. टाइलच्या पाठीवर पांढरी पावडर असते, भट्टीत टाइल रोलरला चिकटू नये म्हणून लावलेली. ती ब्रशने किंवा ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर अ‍ॅडहेसिव्ह टाइलला चिकटण्याऐवजी त्या पावडरलाच चिकटतो. दुसरं म्हणजे मे महिन्याच्या उकाड्यात पसरलेल्या अ‍ॅडहेसिव्हवर दुधासारखी साय धरते. बोट लावून बघायचं. बोटाला लागलं तर ठीक, बोट कोरडं आलं तर तो खरवडून नवीन लावायचा. "वरून थोडं पाणी मारू" हे उत्तर नाही. सायीवर पाणी मारून तिचं दूध होत नाही!

आता ठिपक्यांची गोष्ट. भिंतीवर टाइल लावताना पुष्कळ मिस्त्री चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच गोळे लावतात आणि टाइल दाबतात. लेव्हल पटकन मिळते, काम भराभर होतं. पण गोळ्यांच्या मधली जागा रिकामी! तिथे नाणं वाजवून बघा, ठक्कऐवजी डबडब येईल. जमिनीवर अशा पोकळ जागी फ्रिजचा किंवा कपाटाचा पाय आला की कोपरा तुटणार. कारण टाइल दाबाला वाघ आहे पण वाकवायला गेलं की शेळी. (आमच्या मटेरियल्सच्या सरांच्या भाषेत ब्रिटल मटेरियल, वीक इन टेन्शन.) खाली पूर्ण आधार असेल तर ती वाकतच नाही. अमेरिकेतल्या ए.एन.एस.आय. स्टँडर्डमध्ये कोरड्या जागी टाइलच्या पाठीचा किमान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के भाग भरलेला असावा असं दिलंय. मोजायची पद्धत अगदी सोपी आहे. नुकतीच बसवलेली एखादी टाइल उचलून पाठ बघायची. मिस्त्री चिडतील, पण बघायची. दातेरी थापीने सरळ, एकाच दिशेने रेघा ओढल्या की हवा बाहेर पडते आणि पाठ भरते. गोल गोल, जिलबीसारख्या रेघा ओढल्या तर हवा आत अडकते.

अर्थात उलटा गैरसमजही आहे. एखादी टाइल जरा पोकळ वाजली की लगेच "फोडा, परत बसवा!" असं करायची गरज नाही. आवाज खालच्या थरांवरही अवलंबून असतो. एखाद्या कोपऱ्यात बारीक आवाज बदलला तर जगबुडी होत नाही. टाइल हलते का, सांध्यातली ग्राउट सुटते का, ते बघायचं.

आता माझा सगळ्यात आवडता विषय, गॅप! "जॉइंट-फ्री" टाइल हा शब्द कुणी काढला कोण जाणे. लोकांना वाटतं टाइलला टाइल भिडवून लावली की काम एकदम क्लासी. माझ्या मावशीकडे नाशिकला तसंच लावलं होतं, हॉलमध्ये एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टाच. तीन वर्षं काही झालं नाही. मग एका रात्री दोन वाजता फटाका फुटल्यासारखा आवाज आला. सगळे उठून बघतात तर हॉलच्या मधोमध दोन टाइल एकमेकींना टेकून उभ्या, पत्त्यांच्या घरासारख्या! काकांना आधी चोर वाटले, मग भूकंप वाटला.

याच्यात भूत-बीत काही नाही, इथे आपलं दहावीचं पायथागोरस कामाला येतं. काँक्रीट वाळताना आणि पुढे काही वर्षं आकसत राहतं. आय.एस. ४५६ मध्ये टेस्टचा डेटा नसेल तर हे आकसणं ०.०००३ धरा असं दिलंय. ५ मीटरच्या हॉलला गुणा, आले १.५ मिलीमीटर. (यातलं काही फरशी बसायच्या आधीच होऊन गेलेलं असतं, पण नवीन बिल्डिंगमध्ये घाईघाईत फरशी बसवली तर बरंच शिल्लक असतं.) भाजलेली टाइल मात्र आकसत नाही. उलट वर्षानुवर्षं हवेतला ओलावा घेऊन काही टाइल किंचित फुगतात. म्हणजे पेटी लहान होतेय आणि आतलं सामान तेवढंच. दीड मिलीमीटर म्हणजे काय हो, नखाएवढं! पण ६०० मिलीमीटरच्या दोन टाइल एकमेकींना टेकून तंबूसारख्या उठल्या तर गणित करा. प्रत्येकीचा पाया ६०० ऐवजी ५९९.२५ झाला. उंची म्हणजे ६०० चा वर्ग वजा ५९९.२५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं ३० मिलीमीटर! दीड मिलीमीटरच्या चेंगराचेंगरीतून तीन सेंटिमीटरचा तंबू. मी हे वहीत तीनदा करून बघितलं, कारण माझाच विश्वास बसेना.

तापमानाचंही तसंच. २०१८ च्या जानेवारीत सिंगापूरमध्ये नेहमीपेक्षा जास्त थंडी पडली होती, तेव्हा तिथल्या खूप घरांत अशा टाइल फुटून वर आल्या होत्या. थंडीने खालचं काँक्रीट आणि वरची टाइल सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, एवढं निमित्त पुरतं. खाली पकड कच्ची आणि बाजूला सरकायला जागा नाही, हे दोन्ही आधीच जमून आलेलं असतं.

मग उपाय काय? दोन टाइलमध्ये २-३ मिलीमीटरचे स्पेसर लावायचे. आणि त्याहून महत्त्वाचं, भिंतीच्या कडेला ८-१० मिलीमीटर जागा सोडायची आणि ती सिमेंटने भरायची नाही. नाहीतरी ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, कुणाला दिसणार आहे? गंमत म्हणजे हॉलमधली रेघ सगळ्यांना दिसते म्हणून तिच्यावर तासभर चर्चा होते, पण भिंतीकडची ही फुकटची जागा एकाही घरात कुणी विचारली नाही. आमच्या मिस्त्रींना मी म्हटलं, "दादा, कडेला जागा ठेवा ना." ते म्हणाले, "ताई, झुरळं येतील." मग बाबांनी फोमची पट्टी आणून दिली. झुरळंही गेली आणि जागाही राहिली.

इथपर्यंतचं सगळं नुकसान पैशांचं होतं. आता जे लिहितेय ते मात्र सीरियसली वाचा.

जुनी फरशी काढायची की तिच्यावरच नवीन घालायची? एक पार्टी म्हणते फरशीवर फरशी कधीच टिकत नाही. दुसरी म्हणते स्लॅब काय, कितीही वजन घेतो. दोन्ही चूक. जरा हिशोब करू. पारंपरिक पद्धतीने ४० मिलीमीटर माल पसरला, त्याची घनता घनमीटरला साधारण २००० किलो, म्हणजे चौरस मीटरला ८० किलो. वर टाइलचे २० एक किलो. झाले १००. घरातली ६० चौरस मीटर फरशी असेल तर ६ टन! आता आय.एस. ८७५ प्रमाणे राहत्या घराच्या खोल्यांसाठी माणसं, फर्निचर वगैरेंचा लाइव्ह लोड धरतात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो. थोडक्यात, जुनी फरशी न काढता वर मालावर नवीन घातली तर माणसांसाठी ठेवलेल्या वजनाच्या निम्मं वजन तुम्ही कायमचं स्लॅबवर टाकलंत. तेच अ‍ॅडहेसिव्हवर घातली तर ५ मिलीमीटरच्या थराचे ७-८ किलो आणि टाइलचे २० धरून तीसच्या आत. खालची जुनी फरशी घट्ट असेल, पोकळ वाजत नसेल, तर हा मार्ग चांगला आहे. दारं खालून तासावी लागतील आणि बाथरूमचा उंबरा तपासावा लागेल, तेवढंच.

आणि जुनी फरशी फोडायची असेल तर? तीस-पस्तीस वर्षांच्या बिल्डिंगमध्ये स्लॅबच्या सळ्या गंजलेल्या असू शकतात. वरून फरशी बघून ते कळत नाही. त्यावर ब्रेकर मशीन लावायचं आणि निघालेलं डेब्रिज दोन दिवस एकाच खोलीत ढीग करून ठेवायचं, हे मी तीनपैकी दोन घरांत स्वतः बघितलं. मीटरभर उंचीचा ढीग म्हणजे चौरस मीटरला हजार किलोच्या वर, म्हणजे त्या २०० च्या पाचपट! २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेला सप्तश्रृंगी नावाच्या चार मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब घेऊन खाली गेला. सहा माणसं गेली. बातमी वाचताना मला सारखं वाटत होतं, खालच्या घरांमध्ये लोक जेवायला, झोपायला, टी.व्ही. बघायला बसले असतील, त्यांनी तर फरशी बदलायला काढलीही नव्हती.

म्हणून जुन्या बिल्डिंगमध्ये काम काढण्याआधी सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट मागा. सेक्रेटरी काका कपाटात शोधायला दोन दिवस लावतील, लावू देत. खालच्या घरात जाऊन सिलिंग बघा. प्लास्टर फुगलंय का, सळ्या दिसतायत का, तांबूस डाग आहेत का. यातलं काहीही असेल तर फरशीला हात लावायचा नाही, आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर. (आमच्यासारखे टी.ई.चे विद्यार्थी नव्हे, खरे!) डेब्रिज रोजच्या रोज खाली उतरवायचं, आणि ढीग करावाच लागला तर खोलीच्या मधोमध नाही, पसरून ठेवायचा. बिगारी दोन फेऱ्या जास्त मारायला कुरकुरतील, त्यांना जास्त पैसे द्या.

बाथरूमकडे वळू. "खालच्यांकडे गळतंय, म्हणून टाइल बदलतोय" हे वाक्य प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकू येतं. टाइल म्हणजे रेनकोट नाही हो, फार तर शर्ट! टाइलमधून पाणी जात नाही हे खरं, पण सांध्यांतली सिमेंटची ग्राउट पाणी पिते. व्हाइट सिमेंट भरलं असेल तर ते आकसून त्याला केसासारख्या भेगा जातात. इपॉक्सी ग्राउट पाणी पीत नाही, डागही धरत नाही, पण गळती बहुतेक वेळा असते नहाणी ट्रॅपच्या आणि पाइपच्या भोवती, जिथे स्लॅबला भोक आहे. ते टाइलच्या खालचं दुखणं आहे. तिथे वॉटरप्रूफिंगचा थर टाइलच्या खाली, आणि भिंतींवर फूटभर तरी वर चढवलेला हवा. तो लावल्यावर, टाइल बसवायच्या आधी, ट्रॅप बंद करून पाणी भरायचं आणि किमान २४ तास ठेवायचं. खाली जाऊन बघायचं. सुकं राहिलं तरच पुढे. कुलकर्णी काकूंच्या कॉन्ट्रॅक्टरने "एवढा वेळ कुठे आहे" म्हणून ही टेस्ट टाळली. टाइल अतिशय सुंदर बसल्या आणि तिसऱ्या आठवड्यात खालचे काका वर आले, हातात छताचा फोटो घेऊन.

ढाळाचंही सांगून टाकते. ८० ला १ चा उतार म्हणजे २ मीटरला २५ मिलीमीटर. बादलीभर पाणी ओतून बघा, कोपऱ्यात तळं राहिलं तर टाइल सुकायच्या आत बोला, नंतर कुणी ऐकत नाही.

"मॅट आहे म्हणजे घसरत नाही" हेही पूर्ण खरं नाही. काही टाइलच्या बॉक्सवर आर-९, आर-१०, आर-११ असं असतं. ती जर्मन टेस्ट आहे. उतरत्या पाटावर तेल टाकून माणूस बूट घालून चालतो आणि कितव्या अंशाला घसरतो ते मोजतात. आता तुमची आजी बाथरूममध्ये बूट घालून जाते का? अनवाणी पायांची आणि साबणाच्या पाण्याची वेगळी टेस्ट आहे, तिचे ग्रेड ए, बी, सी, त्यात सी सगळ्यात कमी घसरणारी. तो ग्रेड विचारा. दुकानात लिहिलेला नसेल तर एक टाइल घरी आणून साबणाचं पाणी टाका आणि हाताने जोर लावून बघा. लहान टाइलचा फायदा म्हणजे सांधे जास्त, पायाला पकड जास्त. बाथरूमच्या जमिनीला दोन बाय चारची टाइल घालायची फॅशन मला तरी कळलेली नाही. तिला चारही बाजूंनी ढाळ देता येत नाही, मग मिस्त्री ती कापत बसतात.

लाकडासारख्या लांब पट्ट्यांच्या टाइल घेणार असाल तर विटांसारख्या अर्ध्यावर अर्ध्या लावू नका. लांब टाइल भट्टीतून मधोमध किंचित कमान घेऊन येते, त्यामुळे एकीचं पोट दुसरीच्या कडेला येतं आणि पायाला ठेच लागते. एक-तृतीयांश सरकवून लावायच्या.

शेवटी खरेदी. मोजमापापेक्षा १० टक्के जास्त टाइल घ्या, कापण्यात जातातच. बॉक्सवर शेड नंबर आणि बॅच नंबर असतो, सगळ्या बॉक्सवर एकच आहे ना ते टेम्पोतून उतरवतानाच बघा, कारण मोरबीहून त्याच डिझाइनचा पुढचा लॉट आला की रंग एखाद्या छटेने वेगळा असतो आणि तो फरक दुकानात नाही, हॉलमध्ये दिवाळीच्या उजेडात दिसतो. उरलेला एक बॉक्स माळ्यावर ठेवा, बाहेर "फेकू नये" असं मोठ्या अक्षरात लिहून. आमच्या आईने तो रिकामा समजून त्यात कुंड्या ठेवायचा बेत केलाच होता.

- टी.ई. सिव्हिल